पट्टीचा हात

त्या रविवारी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं आणि एका बाहीचा कोट खुंटीवर तसाच लटकत होता. पंधरा दिवस झाले, पण त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

बँडमास्तरचा निळा कोट तो. त्याच्या खडूच्या खुणा आक्कानं डोक्याच्या ऑपरेशनआधीच करून ठेवल्या होत्या. लिंबाएवढी गाठ निघाली, टाके सुकले, केस बोटभर वाढले. मग चौथ्या महिन्यात एका दुपारी, सगळे वर जेवायला बसलेत असं बघून ती गुपचूप जिना उतरून खाली आली, कात्री घेतली आणि कोट कापून मोकळी झाली. तिच्या धाकट्या भावानं, म्हणजे मापमास्तरनं, एक बाही टाचली. दुसरी गठ्ठ्यात असेलच असं म्हणून कोट तसाच ट्रायलला दिला. आक्कानं कापलेले तुकडे मोजून घ्यायचे नसतात, अशी त्या दुकानाची तीस वर्षांची रीत होती. बँडमास्तरनं डावा हात घातला तो सरळ बाहेर आला.

आक्कानं कोट बघितला आणि पोट धरून हसली. "कुठल्या गाढवानं कापला हा?" सगळे पंख्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून कात्र्या मापमास्तरच्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात.

आज त्या सगळ्याचा निकाल लागायचा होता. आक्काचा मुलगा शुक्रवारी आला होता, इंजिनियर, दूरच्या शहरात स्थायिक झालेला. येतानाच त्यानं परतीची दोन तिकिटं काढली होती, एक स्वतःचं, एक आईचं. उद्या सकाळची गाडी. आईला घेऊन जायचं आणि तिथल्या मोठ्या केंद्रात ठेवायचं. कटिंगच्या टेबलावर मापमास्तरनं बसायचं. मामा-भाच्याचं फोनवर सगळं ठरून गेलं होतं. आता फक्त दवाखान्यातल्या थेरपिस्ट मुलीनं 'घरी प्रगती नाही' एवढं लिहून द्यायचं बाकी होतं.

हे सगळं चौकशीला ठाऊक होतं. चौकशी म्हणजे मापमास्तरची बायको. दुकानात काज करायची, आणि तिच्या हातचं काज बघून दुसरे शिंपी उलटंसुलटं करून बघत. पण घरात तिचं नाव पडलं होतं ते तिच्या तोंडामुळे. बाईला प्रश्न विचारल्याशिवाय घास गिळवत नसे. लग्न होऊन आली त्या दिवशीच तिनं आक्काला विचारलं होतं, "तुमच्या कपाटाचा तिसरा कप्पा उघडत का नाही?" तो आजही उघडत नाही आणि तिनं आजही नाद सोडलेला नाही.

"तू आज मध्ये नाक खुपसू नकोस," मापमास्तरनं बजावलं.

"मी कशाला खुपसू? मी आपली चहा करते."

"तुझा चहा मला माहितीये. चहा एक कप आणि प्रश्न दहा."

थेरपिस्ट मुलगी वेळेवर आली. उंच, खांद्याला मोठी पिशवी, पायात आवाज न करणारे बूट. आक्का तिला चांदणीबाई म्हणायची, कारण ती दर वेळी चांदण्या छापलेला कागद देऊन सगळ्या खोडायला सांगायची. आक्का कागदाच्या उजव्या अर्ध्या भागातल्या चांदण्या झटझट खोडायची, पेन्सिल खाली ठेवायची आणि म्हणायची, "झालं. मला बालवाडीतून कधी सोडणार?" डावीकडच्या चांदण्या तशाच चमकत राहायच्या.

"वर बसू या का?" मुलानं विचारलं.

"नको," चांदणीबाई म्हणाली. "मला त्यांचं काम बघायचंय. टेबल कुठलं, उभ्या कुठे राहतात, उजेड कुठून येतो. सगळ्या पेशंटना एकच कागद देऊन भागत नाही. आमच्याकडे एक स्वयंपाकी होते, त्यांचे व्यायाम मी भांड्यांवर बसवले. आक्कांचे कापडावर बसवायचेत."

चौकशीच्या हातातली किटली हवेतच थांबली. आपल्यापेक्षा जास्त चौकशा करणारी बाई तिनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितली होती.

सगळे टेबलाभोवती बसले. आक्का मधोमध, तिच्या नेहमीच्या उंच खुर्चीवर, खिडकीकडे पाठ. चांदणीबाई समोर, मापमास्तर तिच्या शेजारी. मुलगा आक्काच्या डावीकडे, टेबलाच्या टोकाला जुन्या स्टुलावर, जिथे बसून तो शाळेचा अभ्यास करायचा. दोन दिवस जेवतानाही तो आईच्या त्याच बाजूला बसत होता आणि आईनं त्याच्याशी एक अक्षर बोललेलं नव्हतं. पहिल्या दिवशी दारात मिठी मारली तेवढीच. त्यानंतर त्याच्या देखत मामीला विचारायची, "तो परत गेला का गं?" तो पानावरून उठून जायचा. दुकान सोडून शिकायला गेलो त्याचा राग वीस वर्षांनीही आईच्या मनात आहे, असं त्यानं धरून ठेवलं होतं. त्यातच आपली आई दिवसेंदिवस ओळखू येईनाशी झाली म्हणून तो आतून पार हलला होता.

"थोडक्यात सांगा," तो म्हणाला. "सुधारणा आहे की नाही?"

"डोळे चांगले आहेत त्यांचे," चांदणीबाई म्हणाली. "गाठ उजव्या बाजूला होती. तिथला मेंदू डावीकडची दखल ठेवतो. दिसतं, पण ते आहे हेच मनात येत नाही. ताटातला डावीकडचा भात राहतो, पुस्तकातली अर्धी ओळ राहते. शिकवून शिकवून तिकडे लक्ष वळवता येतं. पण सहा आठवडे मी सांगतेय, डावीकडे बघा, आणि काहीच होत नाही. याचं मलाच नवल वाटतंय. बाकीच्या गोष्टींत त्या माझ्याही पुढे आहेत."

"बघ ना," मापमास्तर भाच्याला म्हणाला. "डावं-उजवंच कळेनासं झालंय तर कात्री कशी द्यायची हातात? बोट गेलं म्हणजे?"

"कुणाचं बोट?" आक्का म्हणाली. "अरे, मी इथे बसलेय. माझ्यावर बोलायचं तर मला तरी आत घ्या."

चांदणीबाई हसली. "आक्का, एकदा सगळ्यांसमोर करू. डावीकडे बघा बरं."

आक्कानं तत्काळ मान उजवीकडे वळवली. अगदी ऐटीत.

"डावा हात वर करा."

आक्कानं उजवा हात वर केला.

"डावा खांदा दाखवा."

आक्का खुर्चीवरून पुढे वाकली, टेबलावरून हात लांब केला आणि चांदणीबाईच्या खांद्यावर ठेवला. "हा. अर्धं बोट उतरतोय गं तुझा. त्या पिशवीनं झालाय. मागच्या वेळेलाही सांगितलं होतं."

मुलानं डोळे मिटून घेतले. चांदणीबाईनं वहीत काहीतरी लिहिलं. मापमास्तरनं नकळत खिसा चाचपला, किल्ली जागेवर आहे ना म्हणून.

"झालं," मुलगा जड आवाजात म्हणाला. "आणखी काय बघायचं? मामा, मी तिची बॅग भरतो."

चौकशीनं मात्र किटली खाली ठेवली होती. तिला काहीतरी टोचत होतं. डावीकडचं जग हरवलेला माणूस डावीकडे बघ म्हटल्यावर गोंधळेल, चाचपडेल, विचारेल, कुठे? आक्का गोंधळतच नव्हती. ती दर वेळी बरोबर उलट करत होती, तेही खडा टाकल्यासारखं अचूक. आणि खांदा दाखव म्हटल्यावर दुसऱ्याचा खांदा? असं कुणी का करेल?

"तू गप्प बस," मापमास्तर म्हणाला. ती अजून बोलली नव्हती, पण बायकोचा चेहरा त्याला पाठ होता.

"एकच विचारते. आक्का, डावा म्हणजे कुणाचा?"

आक्कानं तिच्याकडे असं बघितलं, जणू ऑपरेशन झालंय ते हिचंच. "कुणाचा म्हणजे? गिऱ्हाईकाचा! आणखी कुणाचा असतो?"

मग मापमास्तरनं कपाळावर हात मारला, चांगला आवाज येईल असा. "अरे देवा! अण्णांचा नियम!"

"कसला नियम?" चांदणीबाई वही तशीच सोडून पुढे सरकली.

"आमच्या वडिलांचा. फार पूर्वी कुणीतरी डावा म्हणालं, कुणी आपला समजलं, कुणी गिऱ्हाईकाचा, आणि खिसा भलत्याच बाजूला गेला. तेव्हापासून दुकानात डावं-उजवं म्हणायचं ते घालणाऱ्याचं. तो समोर उभा असतो, तेव्हा त्याचा डावा आपल्या…"

"उजव्या हाताला येतो," चांदणीबाई म्हणाली.

"उजवा म्हणायचं नाही!" आक्का कडाडली. "शिंप्याला डावा-उजवा नसतो. शिंप्याला दोनच हात. कात्रीचा हात नि पट्टीचा हात."

तिनं आधी उजवा हात वर केला, कात्रीचा. मग डावा उचलला, पट्टीचा. सहा आठवड्यांत चांदणीबाईनं तो डावा हात कुणी सांगितल्यावर वर झालेला बघितला नव्हता. ती बघतच राहिली.

"म्हणजे मी समोर बसून डावीकडे म्हणत होते," ती म्हणाली, "आणि त्या मला माझी डावी बाजू दाखवत होत्या. खांदासुद्धा माझा. बरोबर! प्रत्येक वेळी बरोबर!" ती हसत सुटली, आणि हसता हसता वहीतलं पान फाडून चुरगाळलं. "सहा आठवडे चुकीचं लिहिलंय मी. तुम्ही कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलं का कुणी?" चौकशी म्हणाली. तिला फार समाधान वाटत होतं.

मुलगा हसला नव्हता. "मी इथेच वाढलो," तो हळू म्हणाला. "हा नियम मला माहीत होता. मी विसरलो."

"तू बाहेर राहतोस. आम्ही तर रोज दुकानात असतो, आमच्या डोक्यात आलं नाही," चौकशी म्हणाली. "रोजच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतं?"

"मग ती बरी आहे का?" त्यानं चांदणीबाईला विचारलं. त्याच्या आवाजात एवढी आशा होती, की चौकशीला त्याच्याकडे बघवेना.

"नाही," चांदणीबाई म्हणाली. "तुम्हाला खोटं सांगणार नाही. चांदण्यांचा कागद भाषेवर चालत नाही, आणि त्यात अर्धा कागद राहतोच. हा कोटही आहे." तिनं खुंटीकडे बघितलं. "डावी बाजू निसटतेय, हे खरंच आहे. फक्त आता मला त्यांना हाक कशी मारायची ते कळलंय. आक्का, पट्टीकडे बघा."

आक्कानं मान वळवली. डावीकडे. टेबलाच्या कडेच्या अलीकडेच अडकल्यासारखी थांबली आणि परत फिरली.

"अर्धा रस्ता," चांदणीबाई म्हणाली. "मागच्या आठवड्यापर्यंत हाही नव्हता. कापड लावताना तुम्ही सुरुवात कुठून करता?"

"काठापासून. पट्टीच्या हातानं काठ धरायचा. काठ सापडल्याशिवाय खडू टेकवायचा नाही. हे शेंबडं पोरही सांगेल."

चांदणीबाईनं पिशवीतून लाल फीत काढली. टेबलाच्या डाव्या कडेला ती चिकटवत म्हणाली, "मग हा काठ. ताटाच्या कडेला, पुस्तकाच्या कडेला, सगळीकडे हीच फीत. आधी लाल काठ शोधायचा, मग पुढचं. चांदण्या बंद. आता जुने कागदी साचे, जाड खडू, रोज दोन वेळा अर्धा अर्धा तास. बोटानं काठापासून सुरुवात."

"कात्री?"

"सहा आठवड्यांनी बघू."

"आणि तोवर बँडमास्तर काय एका हातानं वाजवणार?"

मापमास्तरला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन तो भाच्याला म्हणाला, "सहा आठवडे थांबायला काय हरकत आहे रे?"

"मामा, शुक्रवारी तुम्हीच म्हणालात की तुमच्या छातीत धडधडतं तिला कात्रीजवळ बघून."

"म्हणालो. अजूनही धडधडतं. पण तिकडे तुझ्या केंद्रात पट्टीकडे बघ म्हणणारं कोण भेटणार आहे?"

नवऱ्यानं असा पक्ष बदललेला बघून चौकशीनं पटकन त्याचा कप काठोकाठ भरला.

टेबलाखाली तिनं त्या निळ्या कापडाची उरलेली गुंडाळी जपून ठेवली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं, फेकवलं नव्हतं इतकंच. तिनं ती चांदणीबाईला दाखवली. चांदणीबाईनं मान हलवली. चौकशीनं कापड टेबलावर उलगडलं, लाल फितीला काठ जुळवून.

"आक्का, पट्टीच्या हातानं काठ धरा," ती म्हणाली. "आणि काठापासून इकडे या."

आक्काचा डावा हात टेबलावरून सरकत गेला. एकदा थांबला. "पट्टीकडे," चौकशी म्हणाली. हात पुढे गेला, फितीला लागला, तिनं मान वळवून फीत बघितली, आणि तिथून बोट कापडावरून परत येऊ लागलं. मध्येच ते खडूच्या रेघेवर चढलं. पुसट झालेली, पण तिच्याच हातची वळणदार रेघ. आक्का वाकून बघू लागली.

"ही बाही इथे काय करतेय?"

आक्कानं रेघेवरून बोट पुरतं फिरवलं, मनगटापासून खांद्यापर्यंत. मग खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं. चौकशीला वाटलं, आपण हे करायला नको होतं.

"तो कोट मी कापला," आक्का म्हणाली.

"आक्का, असू दे…" मापमास्तर उठला.

"मी कापला आणि पंधरा दिवस हसतेय. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात, आणि मी आपली हसतेय." तिचे डोळे भरून आले. "मला वाटायचं तुम्ही मला उगाच घाबरता. रागच यायचा तुमचा. मला कसं कळणार की काही राहिलंय? राहिलेलं दिसतच नाही ना मला! काय काय राहिलंय गं माझं अजून?"

हा प्रश्न तिनं चौकशीला विचारला होता. आणि जन्मभर प्रश्न विचारत आलेल्या चौकशीला एकाएकी याचं उत्तर ठाऊक होतं. टेबलाच्या डाव्या टोकाला, जुन्या स्टुलावर, मान खाली घालून बसलेलं. दोन दिवस! दोन दिवस जेवायला बसतानाही तीच बाजू!

"अरे," ती भाच्याला म्हणाली, "तू कुठे बसलायस बघ."

त्यानं वर बघितलं. आधी मामीकडे, मग लाल फितीकडे, मग आईच्या पाठमोऱ्या झालेल्या गालाकडे. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. स्टूल ओढून तो समोरच्या बाजूला, उजवीकडे यायला निघाला.

"उठू नका," चांदणीबाई घाईनं म्हणाली. "तिथेच बसा."

"पण मी तिला तिथे दिसत नाही!"

"म्हणूनच तिथे. तुम्ही सोपी जागा घेतलीत तर त्या शोधणार कशाला?"

तो परत बसला. चौकशीनं आक्काच्या खांद्यावर हात ठेवला. "आक्का, एक राहिलंय. पट्टीकडे. काठाच्याही पलीकडे."

आक्काचा हात पुन्हा निघाला. कापड, फीत, टेबलाची कड. कडेशी तो घुटमळला. मग पलीकडे गेला आणि एका मनगटावर टेकला. चाळीस वर्षांची सवय, बोटांनी आधी कफ चाचपला.

"बाही आखूड आहे," आक्का म्हणाली, आणि मग मान वळली, सावकाश, पुरती.

"रेडिमेड आहे, आई."

"ते दिसतंयच." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू परत गेला नाहीस?"

"नाही."

"मग मी विचारत होते तर बोलायचं नाही? तोंड शिवलं होतं का?"

"मला वाटलं, टोमणा मारतेस."

"टोमणा मारायचा तर मी तोंडावर मारते. तुझं तोंड तर सापडायला हवं ना आधी!" असं म्हणून तिनं त्याचं मनगट एवढं घट्ट धरलं की त्याच्या शर्टाला चुण्या पडल्या. तो रडत होता आणि हसतही होता. मापमास्तर उगाचच पंखा बंद करून पुन्हा चालू करत राहिला.

बऱ्याच वेळानं मापमास्तरनंच विचारलं, "उद्याची गाडी कितीची?"

"सव्वासातची. मी एकटाच जातोय." त्यानं चांदणीबाईकडे बघितलं. "सहा आठवड्यांनी पुन्हा येतो. हेच स्टूल ठेवा."

"मग आत्ता रिकामा बसू नकोस," आक्का म्हणाली. "ही सरळ रेघ पुसट झालीये, पुन्हा मारायची. लांबची पट्टी घे आणि ते टोक धरून बस."

त्यानं लाकडी पट्टी घेतली आणि डावं टोक दाबून धरलं. आक्कानं जाड खडू उचलला. चांदणीबाई वही मिटून नुसती बघत होती. रेघ मनगटाच्या कोपऱ्यापासून निघाली, निम्म्यावर आली आणि तिथेच, कुणी पुसून टाकल्यासारखी, थांबली. आक्का खडू उचलू लागली. तिच्या लेखी रेघ संपली होती.

चौकशीनं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"आई," टोकाकडून आवाज आला. "पट्टीकडे ये."

आक्कानं खडू पुन्हा टेकवला आणि रेघ ओढत ओढत त्याच्या बोटांपर्यंत नेली.